नॉर्डहाइम मंडळीचं शेवटचं प्रभुभोजन

१४ सप्टेंबर २०११, बुधवार

बातमी पक्की आहे. आमची नॉर्डहाइम मेनोनाइट मंडळी, शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, येत्या नोव्हेंबरात बंद होणार. पाळक आर्लिन सावात्स्की यांनी आज सकाळी फोनवर दुजोरा दिला. चर्चची इमारत एका व्यायामशाळावाल्यानं घेतली आहे. शेवटची उपासना २० नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या रविवारी. त्याच दिवशी शेवटचं प्रभुभोजन, भाकर मोडण्याचा विधी.

शेतीच्या साप्ताहिकात बातम्या लिहिण्यात उभी हयात गेली. आधी काय घडलं ते, मग कोण म्हणतं ते. ही सवय दैनंदिनीतही सुटत नाही. टीना म्हणते, मी सांत्वनाचं पत्रही गव्हाच्या भावानं सुरू करीन. बायकोला एवढी सूट असावी.

आर्लिनबाईंनी दोन कामं सांगितली. निरोपाच्या उपासनेसाठी मंडळीचा छोटा इतिहास लिहायचा. पन्नास वर्षांची पुस्तिका मीच केली होती, तेव्हा हे ओघानंच आलं. दुसरं, प्रभुभोजनाआधीच्या घरभेटींना इसब्रांड उनराऊंसोबत जायचं. इसब्रांड आमचे डीकन, म्हणजे पाळकांना साथ देणारे मंडळीचे सेवक. वय चौऱ्याऐंशी, एक कान गेलेला, छाती खराब. नेहमीचा जोडीदार वृद्धाश्रमात गेला.

"तुमचा आवाज शांत आहे, मिस्टर क्विरिंग," बाई म्हणाल्या. "तुमच्यापुढे कुणी भडकत नाही."

ऐकून बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.

२५ सप्टेंबर, रविवार

उपासनेला पुढचे बाक भरतात आणि मागचे रिकामे राहतात. पूर्वी उलटं होतं. चार सुरांत गाणारी मंडळी आमची. आता वरच्या पुरुषी सुरात मी एकटा आणि खालच्या सुरात इसब्रांड, ज्यांना बाकीच्यांचं गाणं ऐकू येत नाही. ते आपल्या गतीनं गातात आणि आम्ही त्यांच्यामागून जातो.

इतिहासाला सुरुवात केली. युक्रेनमधलं जुनं गाव, निर्वासितांची जहाजं, नवऱ्यांविना आलेल्या बायका, शिलाई कारखान्यातली मजुरी, संध्याकाळी फावडी घेऊन स्वतः खणलेलं तळघर. पहिला परिच्छेद टीनाला वाचून दाखवला.

"यात माणूस कुठंय?"

"मंडळी म्हणजे माणसंच की."

"मंडळी कपबश्या धूत नाही, कोर्नी. मी धुते."

५ ऑक्टोबर, बुधवार

घरभेटी सुरू झाल्या. शहरातल्या इतर मंडळ्यांनी ही रीत कधीच सोडली. आम्ही धरून ठेवली. प्रभुभोजनाआधी दोघांनी प्रत्येक सभासदाच्या घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का? कुणी एकानं जरी नाही म्हटलं, तर ते मिटेपर्यंत कुणालाच भाकर नाही. मग प्रभुभोजनाच्या आदल्या रविवारी हाच प्रश्न सगळ्यांसमोर, उभं करून. माझ्या आठवणीत कुणी नाही म्हटलेलं नाही.

आज युस्टिना बोशमनकडे गेलो. नव्वदी ओलांडली आहे.

"शांती?" ती म्हणाली. "माझ्याशी भांडलेले सगळे मेले. आता भांडण उकरायचं तर मला वर जावं लागेल."

"मग आहे असं लिहू?" मी म्हणालो.

"लिही. आणि ते बिस्किट घे, नाहीतर तुझ्याशी बिघडेल."

इसब्रांडांची पद्धत वेगळी आहे. प्रश्न विचारतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि थांबतात. फार थांबतात. समोरचा अवघडतो. अशा वेळी मी हवेपाण्याचं काहीतरी बोलून सांभाळून घेतो. परतताना ते म्हणाले, "कोर्नी, मध्ये बोलू नकोस." त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून तसं वाटत असावं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

लेनी टाइश्रोबच्या घरी गेलो होतो. लेनी सत्तरीची, विधवा, शिलाई कारखान्यातून निवृत्त झालेली. रूडी हा तिचा एकुलता मुलगा. तो फौजेत गेला. आमच्यात शस्त्र धरत नाहीत, तेव्हा तो गेला त्या दिवशीच सभासद राहिला नाही. १९९३ साली युगोस्लाव्हियात शांतिसेनेच्या कामावर असताना त्याचा ट्रक सुरुंगावर गेला.

तिनं कॉफी केली होती आणि आलुबुखाराचा केक. इसब्रांडांनी प्रश्न विचारला, टोपी गुडघ्यावर ठेवली. लेनी केक कापत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "नाही."

इसब्रांडांना ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "लेनी म्हणते, आहे."

"मी नाही म्हटलं, कोर्नी."

मी ओशाळलो. सगळीकडे आहेच म्हणत होते, त्यामुळे तोंडात तेच बसलं होतं.

"कुणाशी?" इसब्रांडांनी विचारलं.

"त्या माणसाला ठाऊक आहे."

"पण लेनी," मी म्हणालो, "इतकी वर्षं तू..."

"इतकी वर्षं मी आहे म्हटलं. वसंतात एकदा, शरदात एकदा. आता हे शेवटचं. एकदा तरी खरं बोलू दे."

इसब्रांडांनी केकचा शेवटचा तुकडाही सावकाश खाल्ला. दारात तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "बरं केलंस."

गाडीत मी त्यांना समजावून सांगितलं की असं झालं तर शेवटचं प्रभुभोजन होणारच नाही. साठ-पासष्ट वर्षांची मंडळी भाकर न मोडता बंद होईल. ते म्हणाले, "नियम मला माहीत आहे, पोरा." चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोरा म्हणवून घ्यायला आता हेच एक उरले आहेत.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

बायबलातलं वचन स्पष्ट आहे: तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर तू त्याच्याकडे जा. म्हणजे तो माणूस सापडला पाहिजे, आणि त्यानं लेनीकडे गेलं पाहिजे. चार आठवडे हातात आहेत. बातमी शोधण्यात हयात घालवली. हे अवघड जाऊ नये.

गायनमंडळ चालवणारा आरोन पानक्राट्झ: लेनीला एकदा एकल गाणं दिलं नव्हतं. विचारलं. म्हणाला, "ते तिनंच नाकारलं होतं. घसा बसला होता." आर्लिनबाई: नवीन आहेत, त्यांच्याशी असं वैर कुठून असणार. इसब्रांड: त्यांनाच सरळ विचारलं. ते म्हणाले, "मी असतो तर सोपं होतं."

टीना कणीक मळत होती. "सगळ्यांना विचारलंस," ती म्हणाली, "आरशात विचारलंस का?"

तिचं बोलणं नेहमीच तिरकस. आरोनची बायको राहिली आहे, तिला उद्या फोन करीन.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

तो माणूस मी आहे.

बातमी बातमी आहे. दुजोरा स्वतः लेनीनं दिला.

इतिहासाचा मसुदा घेऊन गेलो होतो. शिलाई कारखान्याबद्दलचा मजकूर तपासून घ्यावा आणि बोलता बोलता त्या माणसाचं नाव काढून घ्यावं, असा बेत होता. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं.

"यात रूडी कुठंय?"

मी वाक्यावर बोट ठेवलं: 'नव्वदच्या दशकात मंडळीनं शांतीच्या साक्षीबाबत काही कठीण निर्णय एकोप्यानं घेतले.'

"हा रूडी?"

"नाव घेतलं तर जुनी जखम उघडेल, असं वाटलं."

"कुणाची?"

मग तिनं सांगितलं. तो दिवस मलाही चांगला आठवतो. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी कार्यकारी समितीनं ठरवलं होतं: शवपेटी आत यावी, आईबापांचं दुःख ते आपलं दुःख, परंतु गणवेश आणि झेंडा शांतीच्या मंडळीत आत येऊ शकत नाही. हे सांगायला कुणाला तरी पाठवायचं होतं. मला पाठवलं, कारण माझं बोलणं सौम्य. रूडीचे सोबती पेटी घेऊन पायऱ्यांपर्यंत आले. वीसबावीस वर्षांची पोरं. मी खाली उतरलो आणि त्यांच्या अधिकाऱ्याला म्हणालो, मंडळीची अशी इच्छा आहे की... त्यानं टोपी काढली आणि ऐकून घेतलं. त्यानं आणि मी मिळून पेटीवरचा झेंडा उतरवला. आतून रूडीचे चुलतभाऊ बोलावले, पेटी त्यांनी उचलली. सैनिक रस्त्याच्या कडेला बर्फात उभे राहिले, उपासना संपेपर्यंत. कुणाचाही आवाज चढला नाही. टीनानं त्यांना बाहेर कॉफी नेऊन दिली, समितीला न विचारता. त्यावरून आमची थोडी बोलाचाली झाली होती.

लेनी शेजारीच होती. मला पक्कं आठवतं, ती म्हणाली होती, "थँक यू, कोर्नी." मी तिला त्याचीच आठवण करून दिली.

"तेच तर," ती म्हणाली. "कुणी ओरडलं असतं, तर मी भांडले असते. झेंडा ओढून धरला असता. तू इतकं गोड बोललास की माझ्या तोंडून थँक यू निघालं. माझ्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढलंस, आणि मी तुझे आभार मानले. तेव्हापासून रोज ते माझ्या कानात आहे."

"तुला वाईट वाटलं असेल तर मी मनापासून..."

"वाटलं असेल? तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतास."

मी विचारलं, तुला काय हवं आहे. मी भांडायला आलो नव्हतो.

"तेरा तारखेला सगळ्यांना उभं करतील. तेव्हा म्हण, ते चूक होतं. मला दुःख झालं हे सांगू नकोस, ते कळतं लोकांना. चूक होतं, एवढंच म्हण."

"तो समितीचा निर्णय होता, लेनी."

"समितीतले सगळे दफनभूमीत आहेत. तू तेवढा उरलायस." तिनं माझा कप उचलला. त्यात कॉफी बाकी होती. "आणि कारखान्यात आम्ही काय शिवत होतो, ते तुझ्या इतिहासात घाल. लष्कराचे थंडीचे कोट. तुझी बायको बाह्या लावायची, मी गळे. तेव्हा पायरीवर अडवायला कुणी उभं नव्हतं."

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

टीनाला विचारलं, कोट खरंच लष्कराचे होते का. म्हणाली, "हिरव्या कोटांचं दुसरं काय करतात?"

मी तिला विचारलं, त्या दिवसाबद्दल तू मला कधी काही बोलली का नाहीस. ती म्हणाली, "बोलले होते. तू म्हणालास, नंतर बोलू."

लेनी जे मागते ते एकच वाक्य आहे. मी इतकी वाक्यं लिहिली, आणखी एक बोलायला काय हरकत. पण ते चूक होतं असं म्हटलं, की त्याच्या मागचं सगळं हलतं. माझ्या वडिलांना मी एक वर्षाचा असताना युक्रेनमध्ये रात्री पोलीस घेऊन गेले. का, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. आई म्हणायची, त्यांनी बंदूक धरणार नाही असं सांगितलं म्हणून. आईनं मला एवढंच दिलं. नेसत्या कपड्यांनिशी, घोडागाडीमागून चालत, हे एवढंच घेऊन आम्ही इथवर आलो. दारात गणवेशाला अडवलं नाही, तर मग आमचं काय आहे? गाणं आहे आणि एकावर एक गोळा ठेवून भाजलेले जुन्या गावचे पाव आहेत.

हे सगळं मला खरं वाटतं. आणि तरी बर्फात उभी असलेली ती पोरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यातल्या एकाला हातमोजे नव्हते.

मंडळीसाठी काय योग्य, ते आधी ठरवायला हवं. वाक्य मग सुचेल.

६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी इसब्रांड कॉफीला आले. पाव, चीज, टीनाचा मुरंबा. त्यांना सगळं माहीत होतं. लेनीनं सांगितलं नव्हतं, ते म्हणाले, त्या दिवशी तेही चर्चमध्ये होते.

"तुम्ही समितीत नव्हता," मी म्हणालो.

"मी आत बसलो होतो. उबेत." मग पाव मोडत म्हणाले, "कोर्नी, माझ्याकडेही गणवेश होता, तुला ठाऊक आहे. सतरा वर्षांचा होतो. जर्मनांनी चढवला आणि मी चढवून घेतला. तुझा मोठा भाऊ हान्स माझ्याच तुकडीत होता."

मी म्हणालो, ती गोष्ट निराळी. तुमच्यावर सक्ती होती.

"पहिल्या दिवशी होती. नंतर बूट चांगले होते म्हणून मला आवडायला लागलं. इथं आलो तेव्हा वडीलधाऱ्यांनी आम्हा सगळ्या पोरांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, झालं ते झालं, बसा. संपलं. पुढं मला डीकन केलं. तुझ्या पुस्तिकेत ते कुठंय?"

पुस्तिकेत वाक्य आहे: 'युद्धाच्या वर्षांत पुष्कळ कुटुंबांची वाताहत झाली.' ते खरं आहे. हान्स परत आला नाही, म्हणजे आमच्या कुटुंबाचीही झालीच.

टीनानं त्यांना आणखी कॉफी ओतली आणि माझा कप तसाच ठेवला.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

युद्धस्मरणाचा दिवस. आम्ही स्मारकावर जात नाही. सकाळी औषधं आणायला बाहेर पडलो तर बसथांब्यावर लेनी होती. काळा कोट, त्यावर स्मरणाचं लाल फूल, आणि दुसऱ्या बाजूला पदक. ते पदक मृत सैनिकाच्या आईला मिळतं. दर वर्षी या दिवशी ती बहिणीकडे जाते अशी माझी समजूत होती.

तिला स्मारकापर्यंत गाडीनं सोडतो म्हणालो.

"आत येशील माझ्याबरोबर?"

"मी गाडीत थांबेन."

"मग बस बरी."

बस आली. वर चढताना तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला होता. वारा बोचरा होता. मला तिला हात द्यायचा होता, पण त्या पदकाच्या बाजूनं उभं राहायला नको वाटलं. हे असं का, ते मला सांगता येत नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

आठवडाभर वाक्यावर काम केलं. आधी पानभर झालं, मग परिच्छेद, मग लेनीनं सांगितलं तेवढंच उरलं: ते चूक होतं. सकाळी दाढी करताना म्हणून पाहिलं. जमलं. टीना दारात उभी राहून ऐकत होती. माझा टाय तिनं नीट केला, बऱ्याच दिवसांनी.

प्रवचनानंतर इसब्रांड पुढं आले. पुढच्या बाकापासून सुरुवात. ज्याची पाळी त्यानं उभं राहायचं, डीकननं विचारायचं, त्यानं सांगायचं. आरोन. त्याची बायको. युस्टिना, बसूनच. माझी पाळी आली. उभा राहिलो. इसब्रांडांनी विचारलं आणि थांबले, त्यांच्या पद्धतीनं. कुणी मध्ये बोललं नाही. मग मला माझाच आवाज ऐकू आला, शांत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा: "माझी देवाशी आणि माणसांशी शांती आहे."

मी ते ठरवून म्हटलं नाही. सोळा वर्षांचा असल्यापासून म्हणतो आहे, ते आपोआप आलं. वाटलं, थांबवावं. पण तोवर मी खाली बसलो होतो, आणि बसलेला माणूस पुन्हा उभा राहिला असं आमच्यात कधी झालेलं नाही.

इसब्रांडांनी टीनाला विचारलं. ती उठली नाही. "मला वगळा आणि पुढं चला," ती म्हणाली.

लेनी मागच्या बाकावर होती. तिनं उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं का, ते मला माहीत नाही. मी समोर पाहत होतो. "माझी नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि मग असंच लेनी पायऱ्यांवरच्या त्या दिवसाबद्दल म्हणाली होती ते आठवलं.

"तर प्रभुभोजन होणार नाही," इसब्रांड म्हणाले.

आम्ही गीत गायलो. वरच्या सुरात कुणी नव्हतं. मी ओठ हलवत होतो.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

आर्लिनबाईंचा फोन. त्या लेनीकडे जाऊन आल्या. लेनी म्हणाली, तिचं काही मागणं उरलेलं नाही. ज्यानं म्हणायचं त्यानं म्हटलं, ती म्हणाली, त्याला शांती आहे.

मी विचारलं, मी आता तिच्याकडे गेलो तर? बाई म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणाल, मिस्टर क्विरिंग?" मी म्हणालो, मसुदा करून बघतो.

दुसरी बातमी त्यांनी शेवटी सांगितली. इसब्रांडांनी कळवलं आहे की ते रविवारी आत येणार नाहीत. गणवेश घातलेल्यांची जागा बाहेर आहे, असं मंडळीनं ठरवलं होतं आणि तो ठराव कुणी मागे घेतलेला नाही. तेव्हा उपासना होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे राहतील.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

इसब्रांडांकडे जाऊन आलो. खुर्चीत बसून बुटांना तेल लावत होते. धाप लागत होती.

"डॉक्टरांनी तुम्हाला थंडीत निघायला मनाई केलीय."

"केलीय."

"हे तुम्ही मला दाखवून द्यायला करताय का?"

"तुला दाखवून काय उपयोग?" त्यांनी चिंधी बाजूला ठेवली. "एकतर मलाही दारात अडवायला हवं होतं, नाहीतर त्या पोरांना आत घ्यायला हवं होतं. मला आत घेणं आणि त्यांना अडवणं, दोन्ही बरोबर कसं असेल? इमारत चालली. तिथं वजनं उचलायला लोक येतील. माझं बाहेर उभं राहणं बाकी आहे, ते उरकतो."

"तुम्हाला काही झालं तर लेनी स्वतःला दोष देईल."

"बघ," ते म्हणाले, "किती छान बोलतोस."

मी उठलो. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं नाही. बुटांना तेल लावत राहिले.

१९ नोव्हेंबर, शनिवार

इतिहास छापून आला. चार पानं, घडी नीट. कोटांचं घातलं आहे: 'अनेक भगिनींनी हिवाळी वस्त्रांच्या उद्योगात काम केलं.' छापखान्यात गेल्यावर लक्षात आलं की हे पुन्हा तसंच झालं. बदलायला वेळ नव्हता. म्हणजे होता, मी फोन उचलून ठेवून दिला.

टीनानं आज भाकर भाजली नाही. दर प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी घरात तो वास असतो. तिनं लोकरीचे जाड मोजे काढून ठेवले, दोन जोड, आणि थर्मास धुऊन पालथा घातला. दुसरा जोड कुणासाठी, ते विचारलं. "लेनीचे पातळ असतात," ती म्हणाली.

"म्हणजे तूही आत येणार नाहीस?"

"गणवेश मी शिवला होता, कोर्नी."

मला तिच्याशी बोलायचं होतं. म्हणायचं होतं की मलाही भीती वाटते. की मला शांती नाही आणि ती शेवटची कधी होती तेही आठवत नाही. तोंडातून निघालं ते असं: "थंडी फार आहे उद्या." ती म्हणाली, "हो." आणि झोपायला गेली.

संध्याकाळी आर्लिनबाईंचा फोन येऊन गेला. इसब्रांड त्यांचं ऐकत नाहीत. आरोनचंही नाही. "तुम्हीच प्रयत्न करा," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांवर जा आणि त्यांना आत घेऊन या. कसंही करून. मला आणखी कुणी सुचत नाही." मी हो म्हणालो. नाही म्हणायचं मला सुचलं नाही.

काय बोलायचं ते मांडून पाहिलं. 'इसब्रांड, सगळे आत वाट पाहत आहेत.' हे खरं नाही. आत कोण असेल, ते कुणालाच सांगता येत नाही. 'मंडळीची अशी इच्छा आहे की...' हे खोडलं. त्यांच्याशेजारी नुसतं जाऊन उभं राहता येईल, असंही मनात आलं. पण बाईंनी मला त्यांना आत आणायला सांगितलं आहे.

हवामान खात्याच्या अंदाजानुसार सकाळी उणे चोवीस, वाऱ्यामुळे त्याहून कमी भासेल. उपासना दहा वाजता सुरू होईल. प्रभुभोजन नाही. सोमवारी किल्ल्या नव्या मालकाकडे जातील. पावणेदहाला मी पायऱ्यांवर असणं अपेक्षित आहे.